जेवण हेच पहिलं औषध

घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी नीट जेवेनाशी झाली, की आपल्याकडे आधी बिनधोक कारणं शोधली जातात. दहावीचं वर्ष आहे, ताण असेल. उन्हाळ्यामुळे भूक मेली असेल. पित्त झालं असेल, जंत झाले असतील, कुणाची दृष्ट लागली असेल. फॅमिली डॉक्टर टॉनिक लिहून देतात, पोटाची सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे खेप होते. रिपोर्ट बहुतेक नॉर्मल येतात. यात सहा-आठ महिने सहज जातात आणि तेवढ्यात मुलीचं वजन, झोप, मैत्रिणी, हसणं एकेक करून गळत जातं. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सर्वांत शेवटी निघतं, तेही दबक्या आवाजात.

या आजारात सगळ्यात महाग पडतो तो हा उशीर. खाण्याच्या विकारांबद्दल वैद्यकाला आज जे थोडंफार पक्कं माहीत आहे, त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. किशोरवयात, आजार जुना होण्याआधी उपचार मिळाले तर बरं होण्याची शक्यता सर्वाधिक असते. आणि अ‍ॅनोरेक्सियात उपचारांचा कणा म्हणजे रोजचं जेवण. ते खाऊ घालण्याची जबाबदारी घरच्यांनी घेतली तर ते सर्वांत चांगलं लागू पडतं. ही दुसरी गोष्ट कळायला वैद्यकाला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला. त्या काळात घरच्यांना, विशेषतः आईला, बराच वेळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं.

आधी आजारांची ओळख करून घेऊ. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये खाणं इतकं कमी होतं की शरीर उपाशी राहू लागतं. तरी मुलीला, किंवा मुलाला, आपण जाड आहोत असं वाटत राहतं, किंवा निदान वजन वाढू द्यायचं नसतं. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं आणि मग ते ओकून, जुलाबाचं औषध घेऊन किंवा अति व्यायाम करून ‘फेडलं’ जातं. बिंज ईटिंगमध्ये भरमसाट खाणं असतं, फेडणं नसतं. उरते ती लाज. आर्फिड नावाच्या चौथ्या प्रकारात मूल चव, वास, पोत किंवा घशात अडकण्याची भीती यांमुळे मोजकेच पदार्थ खातं. बारीक होण्याशी त्याचा संबंध नसतो. बिंज ईटिंग आणि आर्फिड यांना अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात स्वतंत्र स्थान मिळालं ते 2013 साली. त्याच आवृत्तीत अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी थांबलेली असण्याची अट काढून टाकली गेली. ती अट होती तोवर मुलगे आणि पाळी न आलेल्या लहान मुली निदानाच्या चौकटीत नीट बसतच नव्हत्या.

मुलग्यांचं हे विस्मरण चकित करणारं आहे, कारण या आजाराचं जे पहिलं स्पष्ट वैद्यकीय वर्णन मानलं जातं, त्यात एक मुलगा आहे. लंडनच्या रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरांनी 1689 साली क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात ताप नाही, खोकला नाही, तरी झिजत चाललेले दोन रुग्ण आहेत: अठरा वर्षांची एक मुलगी आणि सोळा वर्षांचा एक मुलगा. मुलीनं औषधं नाकारली आणि ती वाचली नाही. मुलाला मॉर्टननी अभ्यास सोडायला, गावाकडच्या हवेत राहायला, घोड्यावर बसायला आणि दूध प्यायला सांगितलं. तो बराच सुधारला. झिजण्याचं मूळ मॉर्टननी मनात शोधलं होतं.

त्यानंतर जवळजवळ दोन शतकं फारसं काही घडलं नाही. 1873 च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या आजाराचं वर्णन केलं. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचं. ठरावीक वेळी, ठरावीक अंतरानं खायला द्यावं, रुग्णाच्या मर्जीवर सोडू नये, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं आणि ते आजही खरं आहे. पण नातेवाईक हे या रुग्णाचे सर्वांत वाईट सोबती, असंही त्यांचं मत होतं. लासेगनी घरातलं वातावरण बारकाईनं टिपलं: आधी विनवण्या, मग धमक्या, आणि रोज उठून ताटाभोवती चालणारी रस्सीखेच. पॅरिसमधले दुसरे बडे डॉक्टर शार्को तर मुलीला आईवडिलांपासून तोडल्याशिवाय उपचारच होऊ शकत नाहीत असं मानत. इथून पुढे ‘घरच्यांना दूर ठेवा’ हा जणू नियमच झाला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या भागात आणखी एक चकवा लागला. 1914 साली जर्मनीतल्या सिमंड्स यांनी पिट्यूटरी ग्रंथी नष्ट झाल्यामुळे होणाऱ्या आजाराचं वर्णन केलं आणि पुढची काही दशकं अनेक रोडावलेल्या मुलींचा आजार ग्रंथीत शोधला गेला. मग मानसशास्त्र परत आलं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हिल्डे ब्रुख यांनी या मुलींचं आतलं जग जितक्या जवळून ऐकलं तितकं आधी कुणी ऐकलं नव्हतं. आयुष्यात कशावरच आपला ताबा नाही असं वाटणारी मुलगी शरीरावर ताबा मिळवते, ही त्यांची मांडणी. ‘द गोल्डन केज’ हे त्यांचं 1978 चं पुस्तक आजही वाचावं असं आहे. पण त्यातून आईबद्दल जी प्रतिमा पसरली, मुलीला स्वतःची भूकही ओळखू न देणारी आई, तिनं हजारो आयांना आयुष्यभराचा सल दिला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे साल्व्हाडोर मिनूचिन यांनी एकमेकांत गुंतलेल्या, भांडण टाळणाऱ्या, अति जपणाऱ्या कुटुंबाचं चित्र रंगवलं. अशा घरात हा आजार उपजतो, असं ते म्हणत. कारणाचा हा सिद्धांत पुढे टिकला नाही. टिकली ती त्यांची कृती: ते अख्ख्या कुटुंबाला दवाखान्यात जेवायला बसवत आणि आईवडिलांनी मुलीला खायला लावावं असा आग्रह धरत.

या सगळ्या वादात ज्या प्रयोगाकडे आधीच लक्ष जायला हवं होतं, तो खाण्याच्या विकारांवरचा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या युरोपला परत कसं खाऊ घालायचं हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुण निवडले. युद्धात शस्त्र उचलायला तत्त्वानं नकार दिलेले, तब्येतीनं ठणठणीत, मनानं स्थिर असे हे पुरुष. 1945 साली सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या साधारण निम्मा आहार दिला गेला. त्यांचं वजन जवळपास पाव भागानं घटलं.

पण नोंदींमधला खरा ऐवज वजनाचा नाही. ही माणसं दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताटातल्या अन्नाचे बारीक तुकडे करून तासन् तास पुरवू लागली, विचित्र मिश्रणं करू लागली. त्यांना सतत थंडी वाजे. ती चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली, मित्र-मैत्रिणींतला रस गेला. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काही जण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भूक भागली असं त्यांना वाटत नसे. परत भरू लागलेल्या अंगावरची पोटाची-मांड्यांची चरबी काहींना खटकू लागली. यातल्या एकालाही आधी खाण्याचा विकार नव्हता.

अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलीत दिसणारी जी लक्षणं तिचा हट्टी स्वभाव, तिचं बालपण, तिची आई यांच्या माथी मारली जात होती, त्यातली कितीतरी निव्वळ उपासमारीची आहेत. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणून आधी मन मोकळं करू, कारण शोधू, मग ती आपोआप जेवू लागेल, हा क्रम उलटा आहे. आधी पोट भरावं लागतं, मग मनाशी बोलता येतं. मला विचाराल तर या विषयावर पालकांना एकच गोष्ट सांगायची झाली तर ती मिनेसोटाची सांगावी.

लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये जेराल्ड रसेल, ख्रिस्तोफर डेअर, आयव्हन आयस्लर आणि त्यांचे सहकारी यांनी या दिशेनं पाऊल टाकलं. रसेल म्हणजे बुलिमियाला 1979 साली नाव देणारे डॉक्टर. 1987 साली त्यांच्या गटानं एक तुलना प्रसिद्ध केली: हॉस्पिटलात वजन भरून घरी गेलेल्या 80 रुग्णांपैकी काहींना कुटुंबासह उपचार, काहींना एकट्यानं. मोठ्या वयाच्या, जुनाट रुग्णांत फारसा फरक दिसला नाही. पण ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांच्यात कुटुंबासह उपचार स्पष्ट सरस ठरले. हा गट जेमतेम वीस-बावीस जणांचा होता, हे विसरून चालणार नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. पुढे अमेरिकेत जेम्स लॉक आणि डॅनियल ल ग्रांज यांनी या पद्धतीची पायरीवार पुस्तिका तयार केली आणि 2010 साली 121 किशोरवयीनांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार संपल्यानंतर वर्षभरानं कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी 49 टक्के पूर्ण बरे होते, एकट्यानं घेतलेल्यांपैकी 23 टक्के. 2017 साली ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनं मुला-मुलींच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबासह उपचारांना पहिली पसंती दिली. त्याआधी 2010 साली अ‍ॅकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, कुटुंब हे या आजाराचं मुख्य कारण आहे या कल्पनेला ठाम विरोध नोंदवला होता.

या उपचारांत प्रत्यक्ष काय होतं? पहिल्या टप्प्यात मुलीच्या खाण्याचे सगळे निर्णय आईवडील हातात घेतात. काय, किती, केव्हा, हे तिला विचारायचं नाही; तापात औषधाचा डोस मुलाला विचारून ठरवत नाहीत, तसंच. दिवसातून पाच-सहा वेळा खाणं, प्रत्येक वेळी कुणीतरी मोठं माणूस शेजारी. ताट संपेपर्यंत शांतपणे बसायचं. ओरडायचं नाही, भाषण द्यायचं नाही, सौदा करायचा नाही, आणि उठूही द्यायचं नाही. ओकण्याची सवय असेल तर जेवणानंतर तासभर सोबत बसायचं. मुलगी आणि आजार वेगळे आहेत हे घरातल्या प्रत्येकानं मनावर बिंबवायचं. ताट भिरकावणारी, ‘तुम्ही माझे वैरी आहात’ असं ओरडणारी ती आपली मुलगी नाही, आजार बोलतो आहे. हे म्हणायला सोपं. रात्री दहा वाजता, तिसऱ्यांदा गरम केलेल्या वरणभातासमोर ते आठवणं फार कठीण. धाकट्या भावंडाला पहारेकरी करायचं नाही. त्यानं फक्त सोबत हसायचं-बोलायचं. पहिल्या चार आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो वजन वाढलं तर पुढचा मार्ग बराच सुकर असतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. वजन सावरू लागलं की दुसऱ्या टप्प्यात खाण्याचा ताबा हळूहळू मुलीकडे परत द्यायचा: आधी मधल्या वेळचं खाणं, मग शाळेचा डबा. अभ्यास, मैत्री, स्वतंत्र होणं हे वयाचे प्रश्न तिसऱ्या टप्प्यात. सहा महिने ते वर्ष, साधारण वीस भेटी.

वर्षभरानं निम्म्या मुली पूर्ण बऱ्या होत नाहीत, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. जिथे घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार आहे, तिथे ही पद्धत वापरता येत नाही. आईवडील स्वतः खचलेले असतील, तर आधी त्यांना उभं करावं लागतं. अशा वेळी एकट्यानं घेण्याचे मानसोपचार, दिवसभराची केंद्रं, रुग्णालय हे मार्ग असतात. बुलिमिया आणि बिंज ईटिंगसाठी ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेले वर्तन-विचार उपचार सर्वाधिक तपासले गेले आहेत आणि उपयोगीही ठरले आहेत. फ्लुओक्सेटिन हे औषध बुलिमियाच्या प्रौढ रुग्णांना मदत करतं. अ‍ॅनोरेक्सियावर मात्र आजतागायत कोणतीही मान्यताप्राप्त गोळी नाही.

शरीराची बाजू हलक्यानं घेऊ नये. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ सहापट आढळलं. त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा होता. उपासमारीत हृदय आकसतं, नाडी मंद होते. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर दाखल करण्याचा विचार करतात. वारंवार ओकण्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका अचानक चुकू शकतो. हाडं घट्ट होण्याचं वय तेच असल्यानं त्या वर्षांचं नुकसान पुढे पूर्ण भरून येत नाही. फार काळ उपाशी राहिलेल्याला घाईनं खूप खाऊ घातलं तर फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून खूप खंगलेल्या रुग्णाचे पहिले दिवस रुग्णालयातच काढावे लागतात. आणि सर्वांत फसवी गोष्ट: आजार बराच पुढे गेला तरी रक्ताचे साधे रिपोर्ट नॉर्मल असू शकतात. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे सुखरूप मुलगी नव्हे.

मुळात हा आजार होतो कुणाला? जुळ्यांच्या अभ्यासांवरून अ‍ॅनोरेक्सियाच्या जोखमीत आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त दिसतो. 2019 साली जवळजवळ 17,000 रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जोखमीशी निगडित आठ जागा सापडल्या आणि एक अनपेक्षित धागा हाती आला: या जोखमीचा संबंध मंत्रचळ, चिंता यांच्याशी आहे, तसाच चयापचयाशीही आहे. म्हणजे काही शरीरांना उपासमारीची धोक्याची घंटा नीट ऐकूच येत नसावी. अशा मुलीनं सहज म्हणून डाएट सुरू केलं, टायफॉइडमध्ये वजन उतरलं, किंवा मोठा उपास केला, की तिचा पाय घसरतो. बाकीच्या दहा जणी तेच करून महिन्याभरात पुन्हा वडापाव खाऊ लागतात.

समाजाचा वाटा कुठे येतो, याची दोन उदाहरणं नेहमी दिली जातात. फिजीच्या नाद्रोगा भागात भरलेलं अंग हे सुदृढतेचं आणि घरच्यांच्या मायेचं लक्षण मानलं जाई. मुलगी वाळू लागली की घरचे काळजीत पडत. 1995 मध्ये तिथे टेलिव्हिजन आलं. अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची तेव्हा आणि 1998 मध्ये पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम ओकणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी 11.3 टक्के होत्या. दोन्ही वेळी साठ-पासष्टच मुली तपासल्या होत्या, म्हणून सगळा दोष टीव्हीवर टाकणं घाईचं ठरेल. दुसरं उदाहरण हाँगकाँगचं. सिंग ली यांनी 1993 साली 70 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट फुगतं, भूक नाही, अन्न नकोसं होतं, असं त्या सांगत. पुढच्या वर्षांत हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतून पाश्चात्त्य वर्णनं झळकू लागली आणि हळूहळू तिथल्या मुलीही जाडीच्या भीतीची भाषा बोलू लागल्या.

हाँगकाँगचा अनुभव आपल्याला फार जवळचा आहे. 1995 साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशाच तरुणींची नोंद केली: खाणं नाकारणाऱ्या, ओकणाऱ्या, खंगलेल्या, पण ‘मला बारीक व्हायचंय’ असं न म्हणणाऱ्या. आपल्या मुलीही बहुधा हेच सांगतात. पोटात गच्च वाटतं. घशाशी येतं. अन्नावरची वासनाच उडाली. हे ऐकून डॉक्टर पोटाच्या मागे लागतात आणि मूळ आजार निसटतो. 1998 मध्ये चेन्नईतल्या 210 वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहणीत 14.8 टक्के जणांत पूर्ण आजाराइतका तीव्र नसलेला, पण त्रासदायक असा खाण्याचा ताण दिसला होता. तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना रील्स.

आज ते सगळं आहे. 2021 साली इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के जणींना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं, हे कंपनीला ठाऊक होतं. पण फोनला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आपल्या घरांतलं बोलणं त्याहून जुनं आहे. ‘जाडी झालीस गं’ आणि ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ ही दोन वाक्यं लग्नकार्यात, हळदीकुंकवात मुलीच्या तोंडावर सहज फेकली जातात, आणि दुसरं वाक्य कधीकधी आजारी मुलीच्या कानावर कौतुक म्हणून पडतं. दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. पन्नाशीतल्या बाबांनी साखर आटोक्यात आणण्यासाठी ती पाळली तर तो त्यांचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न. पण तेराव्या वर्षी वाढत्या अंगाची मुलगी त्यांच्यासोबत तेच करू लागली, तर कौतुक न करता तिला तिथेच थांबवायला हवं.

उपासाचंही तसंच. आपल्या उपासात दोष नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, या ताटावर कुणी खंगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पारणं असतंच. लक्ष द्यायचं ते निराळ्या उपासाकडे. संकष्टीला सोमवार जोडला, सोमवाराला गुरुवार जोडला, मग खिचडी तेलकट म्हणून सोडली, दाणे सोडले, फक्त ताक उरलं, मग ताकही गेलं. देवाचं नाव असल्यामुळे घरात कुणी विरोध करत नाही. पंजाबमधल्या शाळकरी मुलींच्या एका अभ्यासात, 1989 साली, याच्या उलट घोटाळा झाला होता: धार्मिक उपास आणि जेवणाच्या स्थानिक चालीरीतींमुळे परदेशी प्रश्नावलीत निरोगी मुलींनाही आजाराचे गुण मिळाले. म्हणून आपल्याकडे निदान करणाऱ्याला प्रश्नावलीइतकंच घरातलं स्वयंपाकघरही कळायला हवं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कितीतरी घरांत बाई सर्वांना वाढून शेवटी, उरलंसुरलं, ओट्याशी उभी राहून खाते. तिनं काय खाल्लं हे घरात कुणी पाहिलेलं नसतं. अशा घरात मुलीचं ताट कुणाच्या नजरेत भरणार? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. जिथे निम्म्याहून जास्त मुली अशक्त आहेत, तिथे एखादी आजारानं अशक्त झालेली वेगळी उठून दिसत नाही. हा श्रीमंतांचा, इंग्रजी शाळांतला आजार आहे हा समज त्यामुळेच टिकून आहे. वसतिगृहातल्या, लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहणाऱ्या, मेसचा डबा मैत्रिणीला देऊन टाकणाऱ्या मुलीकडे पाहायला तर कुणी मोठं माणूसही नसतं.

मुलग्यांचं चित्र आणखी धूसर आहे. त्यांना बारीक नव्हे, पिळदार व्हायचं असतं. जिम, प्रोटीन पावडर, उकडलेल्या अंड्यांचा पांढराच भाग, सणाच्या दिवशीही पुरणपोळीला नकार. हे सगळं शिस्त म्हणून वाखाणलं जातं. मॅटवरची कुस्ती, बॉक्सिंग, नृत्य यांत वजन उतरवणं हा तर तयारीचाच भाग मानतात. प्रशिक्षकाला या आजाराची ओळख असणं म्हणूनच डॉक्टरला असण्याइतकं गरजेचं आहे.

आपल्याकडे उपचारांची सोय तुटपुंजी आहे. या आजाराला मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून काम करावं लागतं. पुण्या-मुंबईबाहेर हे तिघे सहसा तीन वेगळ्या इमारतींत असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. पण एका बाबतीत आपली बाजू भक्कम आहे, आणि ती आपण ओळखलेली नाही. मॉड्सलीच्या उपचारांना जे लागतं, म्हणजे रोज ताजं शिजणारं अन्न, एकत्र जेवण, मुलांच्या खाण्यात लक्ष घालण्याचा मोठ्यांचा निर्विवाद अधिकार, घरात आजी-आत्या-मावशी, ते परदेशातल्या थेरपिस्टला कुटुंबांत नव्यानं रुजवावं लागतं; आपल्याकडे ते अजून बऱ्याच घरांत शाबूत आहे. अडचणीही आपल्याच आहेत. सगळा भार एकट्या आईवर पडतो आणि बाबा ‘तुझ्याच लाडानं झालं’ म्हणून बाजूला होतात. आई ताट पुढे करते आणि आजी कळवळून म्हणते, राहू दे गं, नको तिला छळू. या आजारात तो कळवळा आजाराच्या पारड्यात पडतो. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकच बोलायचं, हा या उपचारातला पहिला आणि सर्वांत अवघड नियम. बाबांनी रजा काढून एक वेळचं जेवण आपल्याकडे घेणं हेही उपचारच आहेत.

आजार जुनाट झाला म्हणून आशा संपते असंही नाही. बोस्टनमध्ये 246 स्त्रियांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला. अ‍ॅनोरेक्सिया असलेल्यांपैकी नवव्या वर्षापर्यंत तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी बऱ्या झाल्या होत्या. बावीस वर्षांनी मात्र जवळपास 63 टक्के. वाट लांब असली तरी माणसं परत येतात.

शिक्षकांना, क्लास चालवणाऱ्यांना, वसतिगृहाच्या रेक्टरना आणि पालकांना माझं सांगणं एवढंच आहे. मुलगी किंवा मुलगा एकेक पदार्थ वगळत चालला असेल, इतरांसाठी हौसेनं रांधून स्वतः खात नसेल, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जात असेल, ढगळ कपड्यांत अंग लपवत असेल, उन्हाळ्यातही गारठत असेल, तीन महिने पाळी आली नसेल, तर वजनकाट्यावरचा आकडा ‘ठीक’ दिसला तरी थांबू नका. मुळात जास्त वजनाचं मूल झपाट्यानं उतरलं तर तेही तितकंच धोक्यात असतं. डॉक्टरकडे गेल्यावर नाडी, उभ्यानं-आडव्यानं रक्तदाब, ईसीजी आणि पोटॅशियम-फॉस्फेट तपासायला सांगा, आणि मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी स्वतःहून मागा. कुणाकडे जावं हे सुचत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीत बोलता येतं. आणि ‘तिला वाटेल तेव्हा जेवेल’ म्हणून वाट पाहू नका. आजच्या रात्रीच्या जेवणाला तिच्या शेजारी बसा.